परत म्हणजे मागे की पुन्हा?

काळाचौकीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान सोफे-खुर्च्या मढवून देतात, भाड्याचा छोटा गाळा आहे. फोन, हिशेब आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायची कोटेशनं ताई सांभाळतात. त्या मराठी माध्यमातून दहावी झालेल्या, मुलगा इंग्रजी माध्यमात सहावीत. गेल्या महिन्यात त्याच्या वर्कशीटमध्ये ‘रिकव्हर’ या इंग्रजी शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. रोज दुकानात ‘सोफा रिकव्हर’ लिहिणाऱ्या ताईंनी बेधडक सांगितलं, ‘अनकव्हर’. शाळेतून लाल फुली आली. मुलगा म्हणाला, “आई, तुला येत नाही तर सांगत जाऊ नकोस ना.” त्याच आठवड्यात त्यांनी एका वयस्कर गिऱ्हाइकाला ‘सोफा रिकव्हरी १४,०००’ असा इंग्रजीत मेसेज पाठवला. आजोबांना वाटलं, कुणीतरी वसुलीला मागे लागलंय. फोन करून त्यांनी ताईंना बरंच सुनावलं. आता ताई विचारतात : मुलाचा अभ्यास घेणं थांबवून त्याला महिन्याला पंधराशे रुपयांच्या क्लासला घालू का? शाळेत जाऊन बाईंना जाब विचारू का? की माझं इंग्रजी कच्चं आहे हे मान्य करून दुकानाच्या पाटीवरूनही तो शब्द पुसून टाकू?

ताई, आजोबांच्या फोनचं वाचून मला हसू आलं, राग मानू नका. त्यांची तरी काय चूक? मुंबईत ‘रिकव्हरी’ म्हटलं की हप्ता थकल्याचा फोनच आठवतो. त्यात आकडा चौदा हजार. माझ्या फोनवर आला असता तर मीही आधी नंबर ब्लॉक केला असता.

मुलाच्या बोलण्यावर येतेच, पण आधी तो शब्द सोलून बघू. तुम्ही पत्रात धरूनच चालला आहात की इंग्रजी येत नाही म्हणून उत्तर चुकलं. मला वाटतं, त्या शब्दाचा एक अर्थ तुम्हाला फार चांगला येतो म्हणून चुकलं. तुमच्या घरात तो शब्द रोज हाताने वापरला जातो. बाईंनी विचारला होता दुसराच.

हो, दुसराच. दिसायला एक असले तरी ते दोन शब्द आहेत. आपल्याकडे पाठ दुखते आणि कविता पाठ करतात, तसंच. पहिला ‘रिकव्हर’ म्हणजे आजारातून उठणं, गेलेलं परत मिळवणं, उधारी वसूल करणं. २०२० मध्ये करोनाच्या बातम्यांत जो ‘रिकव्हरी रेट’ सारखा कानावर पडायचा, तो हा. यातला ‘रि’ अगदी ओझरता म्हणायचा आणि जोर ‘क’वर द्यायचा. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘रेकुपेरारे’ आहे, म्हणजे परत मिळवणे. ‘पेशंट रिक्युपरेट होतोय’ म्हणतात, तो त्याचाच भाऊ. झाकण्याशी याचा काडीचा संबंध नाही. आत ‘कव्हर’ दिसतं ते नुसतं अक्षरांचं जुळणं आहे.

दुसरा तुमच्या गाळ्यातला, ‘री-कव्हर’. पुन्हा झाकणे, नवं कापड चढवणे. यात ‘री’ लांब आणि ठसठशीत, आणि लिहिताना मधे आडवी रेघ. यातलं ‘कव्हर’ खरंखुरं कव्हर आहे. त्याचं लॅटिन मूळही वेगळं, ‘कोऑपेरीरे’, म्हणजे सगळीकडून झाकणे. चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत या दोघांची नोंद वेगवेगळी असते. सगळा फरक त्या एवढ्याशा रेघेवर तोललेला, आणि ती रेघ निम्मे लोक देत नाहीत. तुमच्या पाटीवरही नसणार.

त्या रेघेने माझंही नाक एकदा कापलं आहे. तेव्हा मी इंग्रजी-मराठी मुद्रितं तपासायचे. एका संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे आला. अध्यक्षांनी मार्चमध्ये कुठल्याशा करारावर पुन्हा सही केली, असं त्यात इंग्रजीत होतं, ‘री-साइन्ड’. शब्द नेमका ओळीच्या शेवटी तुटला होता. मला वाटलं, रेघ ओळ तुटल्याची आहे. उडवली. अहवाल छापून गेला आणि त्यात अध्यक्ष ‘रिझाइन्ड’ झाले, म्हणजे मार्चमध्येच राजीनामा देऊन मोकळे. पुढचे आठ दिवस त्या ऑफिसचा फोन वाजत होता, आणि तो वाजला की ते मला फोन करत होते. मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली होते, हे मुद्दाम सांगते.

आता विरुद्धार्थाकडे वळू. इथे मला तुमच्याशी आणि थोडं त्या वर्कशीटशीही भांडायचं आहे.

इंग्रजीतल्या ‘री’चे दोन अर्थ होतात, ‘मागे’ आणि ‘पुन्हा’. हे मुलांना समजावताना घाम फुटतो, पण मराठी मुलाला फुटायचं कारण नाही. आपला ‘परत’ हुबेहूब तसाच आहे. ‘पुस्तक परत दे’ म्हणजे मागे दे. ‘गाणं परत लाव’ म्हणजे पुन्हा लाव. ‘तो परत आला’ यात दोन्ही अर्थ मावतात, आणि कुठला घ्यायचा ते घरातलं वातावरण ठरवतं. दुखण्यातून उठण्याच्या ‘रिकव्हर’मध्ये ‘मागे’ आहे, गेलेली तब्येत मागे आली. सोफ्याच्या ‘री-कव्हर’मध्ये ‘पुन्हा’ आहे.

आणि ‘पुन्हा’ला उलट नसतं. ‘पुन्हा जेवणे’ याचा विरुद्धार्थी शब्द सांगा बघू. ‘पुन्हा वाचणे’? नाही सांगता येत. सांगता येतो तो मूळ क्रियेचा, आणि ‘अनकव्हर’ हा ‘कव्हर’चा विरुद्धार्थी आहे. तेव्हा रेघवाला ‘री-कव्हर’ विचारला असता तर तुमचं उत्तर मी निम्मे गुण देऊन पास केलं असतं. निम्मेच, कारण तुमच्याच गाळ्यात ‘अनकव्हर’ हा ‘री-कव्हर’च्या विरुद्ध नसतो, त्याच्या आधी असतो. जुना सोफा आला की यजमान पहिल्यांदा काय करतात? उलटा करतात, खालचं काळं अस्तर फाडतात, पकडीने एकेक पीन उपटतात. जुना कपडा न फाडता अलगद काढतात, कारण नवा बेतायला तोच फर्मा. आतून एखादं रुपयाचं नाणं, पेनाचं टोपण, कुणाच्या तरी लहानपणाचा प्लास्टिकचा घोडा निघतो. फोम दबला असेल तर बदलायचा, पट्टे सैल असतील तर ताणायचे, आणि मग नवा कपडा. उघडल्याशिवाय पुन्हा मढवता येत नाही. वरूनच नवा कपडा ठोकून देणारेही असतात म्हणा. त्यांचा सोफा दुसऱ्या पावसाळ्यात वास मारायला लागतो, हे मी माझ्या बैठकीच्या खोलीतून सांगते आहे.

बाईंना हवा होता तो ‘रिकव्हर’ मात्र वेगळा, आणि तिथे ‘अनकव्हर’ चूकच. बाईंची फुली बरोबर आहे, हे आधी पदरात घ्या. पण त्याचं बरोबर उत्तर एकच आहे का? माणूस बरा झाला, याच्या उलट तब्येत ढासळली. बरा होऊन पुन्हा पडला, तर इंग्रजीत ‘रीलॅप्स’. मुलाला दाखवा, इथेही पुढे ‘री’च आहे, मागे घसरला म्हणून. हरवलेला मोबाइल मिळवला, याच्या उलट गमावला, ‘लूज’. उधारी वसूल केली, याच्या उलट उधारी बुडाली. बँका ती बुडीत खात्यात टाकतात, ‘राइट ऑफ’ करतात. क्रिकेटमध्ये डाव सावरतो किंवा कोसळतो. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला आपला संघ ३६ धावांत कोसळला आणि पुढच्याच कसोटीत, मेलबर्नला, अजिंक्य रहाणेने ११२ काढून सावरला. मराठीत ‘सावरणे’ हा त्या ‘रिकव्हर’ला किती चपखल बसतो पाहा. पडता पडता सावरला, दुखण्यातून सावरला, धंदा सावरला. पण उधारी सावरत नाही, ती वसूलच करावी लागते.

एका शब्दाला एकच विरुद्धार्थी शब्द, ही जोडी आपल्या डोक्यात शाळेनेच बसवली. रात्र-दिवस, उंच-बुटका, पाठ करा, दोन गुण घ्या. भाषा तशी वागत नाही, आपली तर मुळीच नाही. दार उघडतो ते लावतो. डोळे उघडतो ते मिटतो. पेटी उघडतो ती बंद करतो. आता ‘लावणे’ घ्या. दार लावलं म्हणजे बंद केलं आणि दिवा लावला म्हणजे चालू केला! दाराच्या ‘लाव’ला उलट ‘उघड’, दिव्याच्या ‘लाव’ला ‘मालव’, रोपाच्या ‘लाव’ला ‘उपट’. परक्या मुलाला कुणी नुसतं ‘लावणे, विरुद्धार्थी शब्द लिहा’ असं विचारलं, तर ते बिचारं काय लिहील? वाक्याशिवाय शब्द विचारणं मला कधीच पटलेलं नाही. वर्कशीटवर माझा राग तेवढाच. बाईंनी वर्गात आजारी मुलाचा धडा घेतला असेल आणि वाक्य त्यांच्या डोक्यात असेल. ते तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी विरुद्धार्थी शब्द आला की तुम्ही उत्तर देऊच नका. मुलाला विचारा, “कुठल्या वाक्यातला?” धडा उघडायला लावा, वाक्य मोठ्याने वाचायला लावा आणि मग, “याच्या उलट काय झालं असतं, ते आधी मराठीत सांग.” मराठीत जमलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शब्दकोश करतो. मोबाइलवर बघितला तरी चालेल, पण पहिल्या अर्थावर थांबायचं नाही. खाली तीन-चार अर्थ असतात आणि प्रत्येकाखाली उदाहरणाचं वाक्य असतं, ते वाचायचं. ज्या कोशात वाक्यं नाहीत तो शाळकरी मुलाच्या फारसा कामाचा नाही. या रीतीला तुमचं इंग्रजी किती आहे याने फरक पडत नाही. ज्या आया-बाबांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनाही ‘कुठल्या वाक्यातला?’ एवढं विचारता येतंच.

क्लासचं म्हणाल तर सध्या मला गरज दिसत नाही. पंधराशे रुपये तुमच्यासाठी थोडे नाहीत. आणि पत्रावरून वाटतं, तुम्हाला क्लास हवा आहे तो त्याच्या इंग्रजीसाठी कमी आणि पुन्हा फुली दिसू नये म्हणून जास्त. आठवीत गेल्यावर निबंध आणि व्याकरण तुमच्या हातचं राहिलं नाही तर जरूर घाला. तेव्हा मात्र क्लासमध्ये किती मुलं आहेत आणि वह्या कोण तपासतं, हे आधी जाऊन बघा.

शाळेत जा, पण जाब विचारायला नको. पालकसभेच्या दिवशी दोन मिनिटं बाईंशी बोला. सांगा, आमचा सोफ्याचा धंदा आहे, त्यामुळे मी असं सांगितलं. मला तर वाटतं, बाईंना ते आवडेल. वर्गात रेघवाला आणि बिनरेघेचा शब्द समजावायला इतकं चांगलं उदाहरण त्यांना कुठे मिळणार? फुली मात्र खोडायला सांगू नका.

आता मुलगा. ‘तुला येत नाही’ हे तुम्हाला लागलं, आणि लागणारच. पण तो अकरा वर्षांचा आहे. वर्गात झालेली फजिती त्याने दप्तरातून घरी आणली आणि जी हक्काची होती तिच्या अंगावर टाकली. त्याच्यापुढे आपल्याला सगळं येतं असं दाखवायला जाऊ नका. आपली पिढी ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ऐकत वाढली. मुलांच्या अभ्यासात ती मूठ चौथी-पाचवीतच उघडी पडते. त्याऐवजी एखाद्या रविवारी त्याला गाळ्यावर न्या. एक जुनी खुर्ची त्याच्यापुढे ठेवा, पकड त्याच्या हातात द्या. एक बाजू त्याला उघडू दे, पिना मोजू दे. हे ‘अनकव्हर’. मग बाबांनी नवा कपडा ताणून कोपऱ्याची घडी कशी बसवायची ते दाखवायचं, शिवणीवरची गोल किनार, म्हणजे पायपिन, सरळ कशी धरायची ते. हे ‘री-कव्हर’. आणि पकडीने बोट चिमटलंच, तर दोन दिवसांत ते बरं होईल, तो तिसरा!

त्याला शब्दांची गोडी लागली तर पुढचा खाऊही देते. ‘कव्हर’ इंग्रजीत कुठे कुठे लपलंय ते शोधायला सांगा. ‘डिस्कव्हर’मध्ये आहे, आणि तिथे ते खरं आहे. डिस्कव्हर करणं म्हणजे मुळात झाकण काढणं, उघड करणं. तुमच्या ‘अनकव्हर’चा तो चुलतभाऊच. ‘कर्फ्यू’मध्येही आहे, वेश पालटून. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘विस्तव झाका’. रात्री ठरलेल्या वेळी घंटा झाली की आग लागू नये म्हणून चुलीतला विस्तव झाकायचा. तुमच्या सासूबाई तेव्हा काळाचौकीतच असतील तर त्यांना १९९२-९३चा कर्फ्यू आठवत असेल. तो शब्द चुलीतून आला हे नातवाने आजीला सांगितलेलं मला ऐकायला आवडेल. आणि ‘हँडकरचीफ’मधलं ‘करचीफ’ म्हणजे डोकं झाकायचं फडकं. खिशातला रुमाल हा इंग्रजीच्या हिशेबाने हातात धरायचं डोक्याचं फडकं झाला. इतक्या ठिकाणी ‘कव्हर’ आहे आणि जिथे ते ढळढळीत दिसतं त्या ‘रिकव्हर’मध्ये नाही, हे त्याला आपणहून सापडलं तर तो ते वर्गात सांगितल्याशिवाय राहणार नाही.

राहिली पाटी आणि ते आजोबा. आजोबांना आज दुपारीच मराठीत लिहा : ‘तुमच्या जुन्या सोफ्याला नवा कपडा, फोम आणि मजुरी धरून १४,०००. मागच्या मेसेजमुळे गैरसमज झाला, माफ करा.’ काम मिळेल असं मला वाटतं. रागावून फोन करणारा माणूस निदान फोन तरी करतो. एरवीही कोटेशनमध्ये ‘रिकव्हरी’ हा शब्द पैशाच्या आकड्याशेजारी कधीच ठेवू नका. हे फक्त सोफेवाल्यांना नाही, छत्रीचं कापड बदलणाऱ्यांना आणि गाडीच्या सीटा शिवणाऱ्यांनाही सांगते. काय करून देणार ते सरळ लिहा, ‘नवा कपडा’, ‘नवी सीट’.

पाटीवरचा शब्द पुसायची गरज नाही. मोठ्या अक्षरात वर ‘सोफा मढवून मिळेल’ असं देवनागरीत हवं. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. ‘मढवणे’ हा शब्दही काय देखणा आहे! तबला मढवतात, चांदीने देव्हारा मढवतात, तसा सोफा मढवतात. त्याच्याखाली इंग्रजीतला तुमचा शब्द राहू दे, फक्त पहिल्या दोन अक्षरांनंतर आडवी रेघ येऊ दे. एवढ्यासाठी पेंटर दोनशे रुपये मागेल. देऊ नका. काळ्या रेक्झिनची बोटभर पट्टी कापा आणि मुलाला स्टुलावर चढवून त्याच्या हाताने चिकटवून घ्या.